‘मॅडम, नळी काढा’ : हाताखालच्याने वरच्याला थांबवायचं कसं?

धुकं (शनिवार, रात्री १०.४०)

मी भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावात राहते आणि पाच-सहा नर्सिंग होममध्ये बोलावणं येईल तशी जाते. प्रत्येक ठिकाणचं भुलीचं मशीन वेगळं, मॉनिटर वेगळा, ड्रॉवरमधली औषधांची मांडणीही वेगळी. काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी घडलेलं लिहिते. खूप दिवस लिहायचं टाळत होते.

रात्रीची केस. अपेंडिक्स फुटलेला तरुण मुलगा, पोट दगडासारखं. अशा पेशंटला भूल देताना घाई असते, कारण पोटातलं उलटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. औषधं दिली, श्वासनलिकेत नळी घातली. म्हणजे घातली असं मला वाटलं. नळी अन्ननलिकेत गेली होती.

कॅप्नोग्राफची रेघ सपाट होती. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड ही रेघ दाखवते. नळी बरोबर असेल तर प्रत्येक श्वासाला एक टेकडी उमटते. टेकडी नव्हती. पण तिथला कॅप्नोग्राफ त्याआधी दोनदा दगा देऊन गेला होता, त्याची बारीक नळी पाण्याने तुंबायची. माझ्या डोक्याने क्षणात निकाल दिला, यंत्र बिघडलंय. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर ९९ दाखवत होता. तो दाखवणारच. भुलीआधी तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिलेला असतो, त्या शिलकीवर आकडा काही काळ छान राहतो आणि डॉक्टरला फसवतो.

ओटीतले (ऑपरेशन थिएटरमधले) मदतनीस मामा म्हणाले, “मॅडम, पोट जरा फुगतंय का हो?”

मी ऐकलं. “आत पू आहे, फुगणारच,” असं उत्तरही दिलं. आकडा ९४ वर आला, मग ८९. मी कॅप्नोग्राफची नळी झटकत बसले होते. तेव्हा पलीकडून सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, नळी काढा.”

मी काढली. मास्कने श्वास दिला, आकडा चढला, दुसऱ्या वेळी नळी नीट बसली. मुलगा पाचव्या दिवशी चालत घरी गेला.

मला ज्ञान कमी नव्हतं. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने या एकाच चुकीवर मोहीम चालवली आहे : रेघ दिसत नसेल तर नळी चुकीच्या जागी आहे असंच धरून चाला. हे मी स्वतः शिकाऊ मुलांना सांगत आले होते. मामांना मात्र माझ्याआधी कळलं होतं. नंतर विचारलं तर म्हणाले, “मी कसं सांगणार मॅडम, डॉक्टर तुम्ही.”

एकच माहिती माझ्या कानावर दोनदा आली. पहिल्यांदा प्रश्न होऊन आली आणि मी तिला उत्तर देऊन वाटेला लावलं. दुसऱ्यांदा आज्ञा होऊन आली आणि माझा हात हलला.

२००५ साली इंग्लंडमध्ये मार्टिन ब्रोमिली या वैमानिकाची पत्नी सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर होती. भूल दिल्यावर श्वासाचा मार्गच मिळेना. तीन अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्याला छेद देऊन श्वास देण्याचा संच आणून ठेवला, तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत खाट सांगून ठेवली. काय करायला हवं ते त्यांना माहीत होतं, पण डॉक्टरांपर्यंत ते पोचलं नाही. ती बाई पुन्हा शुद्धीवर आली नाही. नवऱ्याने कुणाला तुरुंगात धाडा असं म्हटलं नाही. वैमानिक असल्यामुळे त्याने एकच विचारलं, तुमच्याकडे अशा घटनेची चौकशी करून शिकतात की नाही? पुढे याच कामासाठी त्याने संस्था काढली.

इथे वेगवेगळ्या कामांतले लोक आहेत. तुमच्याकडे हाताखालचा माणूस वरच्याला कसा थांबवतो? नेमके शब्द कोणते वापरतो? मला ते शब्द हवे आहेत.

---

कातळ (शनिवार, रात्री ११.१५)

अंगावर काटा आला. वाचतोय.

---

पाऊलवाट (रविवार, सकाळी ७.०५)

मी प्रवासी विमानात को-पायलट आहे. तुमचा ‘प्रश्न होऊन आली’ हा शब्दप्रयोग वाचून लगेच टेनेरीफ बेटावरचा विमान अपघात आठवला.

२७ मार्च १९७७. धुक्याने भरलेली धावपट्टी, तिच्यावर दोन जम्बो. केएलएम या डच कंपनीच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी नसताना विमान धावपट्टीवर सोडलं. पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं विमान अजून त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरच्या मनात शंका आली आणि त्याने विचारलं, ते विमान बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठामपणे ‘झालंय’ म्हणाला. तो कंपनीतला मोठा माणूस, इतर वैमानिकांना शिकवणारा. विषय तिथेच मिटला आणि ५८३ माणसं गेली. शंका खरी होती, पण प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर मिळालं की विचारणारा गप्प बसतो.

१९७८च्या २८ डिसेंबरला अमेरिकेत पोर्टलंडजवळ दुसरी घटना झाली. चाकांच्या बिघाडात कॅप्टन गुंतला होता, इंधन संपत आल्याचं फ्लाइट इंजिनिअर सांगत होता, पण ‘आता उतरलंच पाहिजे’ असं कुणी म्हटलं नाही. इंजिनं हवेतच बंद पडली. दहा माणसं गेली. त्यानंतर कॉकपिटमध्ये एकमेकांशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण सुरू झालं. आम्हाला पायऱ्या शिकवतात : आधी विचारा, मग धोका दाखवा, मग आव्हान द्या, शेवटी ताबा घ्या.

पण डॉक्टर, खरं सांगतो, शब्द सापडले की प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला १५८ माणसं गेली. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपला होता, उतरताना विमान फार उंच होतं. को-पायलटने ‘गो अराउंड’ (उतरणं सोडा, विमान परत वर न्या) असं एकदा नव्हे, तीनदा सांगितलं होतं. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला, रात्री, पावसात, मागून वारा असताना विमान अर्ध्या धावपट्टीपर्यंत हवेतच होतं. तिथेही को-पायलटने ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. २१ माणसं गेली. दोन्ही धावपट्ट्या डोंगरमाथ्यावरच्या, पुढे थेट दरी. कोझिकोडच्या चौकशी अहवालात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत : कॅप्टनने ऐकलं नाही, आणि को-पायलटने ताबा घेतला नाही.

ते दुसरं वाक्य मी अनेकदा वाचलंय. मी त्याच खुर्चीत बसतो. हजारो तास उडालेल्या माणसाच्या हातून, जमीन काही सेकंदांवर असताना, विमान काढून घ्यायचं. नियम तसं सांगतो. पण घेतलं आणि चूक माझीच निघाली तर सोमवारी माझ्याशी कोण कसं बोलेल, हे नियमात लिहिलेलं नसतं.

---

शिट्टी (रविवार, सकाळी ९.३०)

पाऊलवाट यांचा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. त्यावर माझी एक गोष्ट.

मी मध्य रेल्वेतून निवृत्त झालो. आता लोको पायलट म्हणतात, आमच्या वेळी ड्रायव्हर. १९८०च्या दशकात मी असिस्टंट होतो, इगतपुरी-भुसावळ मालगाड्यांवर. प्रत्येक सिग्नल दोघांनी मोठ्याने म्हणायचा हा दंडक. मी म्हणायचं ‘होम, पिवळा’ (होम म्हणजे स्टेशनात शिरतानाचा सिग्नल), त्यांनी स्वतः बघून तेच म्हणायचं. बघणाऱ्याला ते पोरखेळासारखं वाटतं. जपानी रेल्वेत तर बोटही दाखवतात. १९९४ साली तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने प्रयोग केला, त्यात बोट दाखवून मोठ्याने म्हटल्यावर शंभर कृतींमागच्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. पण मला त्यातला दुसराच फायदा मोठा वाटतो. ड्रायव्हर काय समजून बसलाय ते असिस्टंटला ऐकू येतं. मनातल्या मनात चुकलेला माणूस कुणाला दिसत नाही.

आणि असिस्टंटच्या बाजूला आरएस व्हॉल्व्ह असतो. तो ओढला की गाडीला आणीबाणीचा ब्रेक. ड्रायव्हर धोक्याचा सिग्नल ओलांडायला निघालाय असं वाटलं तर तो वापरणं असिस्टंटचं कर्तव्यच आहे, परवानगी लागत नाही.

पावसाची रात्र होती, भरलेली मालगाडी, वळण. मला लाल दिसला. ‘लाल!’ म्हणालो. साहेबांकडून उत्तर नाही. परत म्हणालो. गाडी चाललेलीच. मी व्हॉल्व्ह ओढला.

गाडी थांबली. खाली उतरून पुढे जाऊन बघितलं तर तो लाल शेजारच्या लूप लाइनचा. आमचा हिरवा होता, झाडाच्या फांदीआड. साहेबांनी तो माझ्याआधी पाहिला होता, तसं म्हटलंही होतं, पण पावसाच्या आवाजात मला ऐकू आलं नव्हतं. ब्रेकचा व्हॅक्यूम परत तयार होऊन गाडी हलेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. मागे गाड्या तुंबल्या. कंट्रोलचा फोन आला. मी मान खाली घालून बसलो होतो, नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं.

साहेब फोनवर म्हणाले, “सिग्नल नीट दिसला नाही, म्हणून गाडी उभी केली. फांदी तोडायला माणूस पाठवा.” माझं नाव घेतलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पुन्हा असं वाटलं तर पुन्हा ओढायचा.”

पुढे मी स्वतः ड्रायव्हर झालो. प्रत्येक नव्या असिस्टंटला पहिल्या दिवशी हे सांगायचो. डॉक्टर, तुम्ही शब्द मागताय. मी म्हणेन, चुकीच्या वेळी थांबवणाऱ्याला तुम्ही काय म्हणता ते आधी ठरवा. बरोबर थांबवणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात.

---

कातळ (रविवार, सकाळी ९.५०)

शिट्टीकाका, दंडवत.

---

चक्रधर (रविवार, दुपारी १२.२०)

मी चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही.

आमच्याकडे टोयोटाचं बघून दोरी लावली होती, अँडॉन. काही चुकतंय असं वाटलं की कामगाराने ओढायची. मूळ पद्धतीत दोरी ओढली की लाइन तिथल्या तिथे थांबत नाही. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या खुणेपर्यंत प्रश्न सुटला नाही तरच लाइन थांबते. ओढणाऱ्यावर लाइन बंद पाडल्याचा बोजा येत नाही, त्याने फक्त हाक मारलेली असते. हे फार हुशारीने रचलेलं आहे.

आमच्याकडे दोरी आली, पण सोबत एक फळाही आला. कोणत्या स्टेशनमुळे किती मिनिटं लाइन बंद, हे रोज लाल खडूने लिहायचे. शिफ्टच्या शेवटी मीटिंगमध्ये ‘आज कोण?’ एवढंच विचारायचे. तीन महिन्यांत दोरीला हात लावणारं कुणी उरलं नाही. वरिष्ठांनी त्याचा अर्थ काढला, दर्जा सुधारला.

पुढचं लिहिणं जड जातंय. प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर, लाइट कर्टन असतं, प्रकाशाचा पडदा. हात आत गेला की प्रेस थांबते. ते उगाच ट्रिप व्हायचं, उत्पादन अडायचं, म्हणून कुणीतरी जंपर मारून, म्हणजे वायरचा तुकडा जोडून, बायपास केलं. मला आठ दिवसांपासून माहीत होतं. मी सुपरवायझरना म्हणालो होतो, “साहेब, ते कर्टनचं जरा बघायला पाहिजे.” ते म्हणाले, “बघू.” नवव्या दिवशी कंत्राटी मुलाची दोन बोटं गेली. विशीतला होता. अहवालात कारण लिहिलं : कामगाराचा निष्काळजीपणा.

‘जरा बघायला पाहिजे.’ कुणी बघायला पाहिजे, कधी, नाही बघितलं तर काय होईल, यातलं काहीही त्या वाक्यात नव्हतं. धुकं, तुमच्या मामांचं ‘जरा’ वाचलं आणि मला माझं ‘जरा’ आठवलं.

---

सह्यकडा (रविवार, दुपारी ३.१०)

मी सर्जन आहे. वेगळं मत मांडतो, राग नसावा.

ओटीत आधीच आवाज फार. मॉनिटर सतत वाजतो आणि त्यातले बहुतेक इशारे खोटे असतात : पेशंटचा हात हलला, बोटावरचा प्रोब निसटला. शेवटी कान बधिर होतात आणि कुणीतरी अलार्मच बंद करतो. माणसांनीही शंका आली की बोलायचं ठरवलं तर त्यांचंही तेच होईल. रक्तवाहिनी हातात असताना कुणी बोललं तर माझं लक्ष उडतं, आणि त्यात पेशंटचा जीव जाऊ शकतो. शिवाय जबाबदारी कुणाची? कागदावर सही माझी. निर्णय एकाचाच असला पाहिजे.

---

पाऊलवाट (रविवार, दुपारी ४.००)

सर, आवाजाबद्दल तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलायचा नाही. अमेरिकेने हा नियम १९८१ मध्ये केला. पण तो गप्पा बंद करतो, इशारे नाही. गप्पा बंद असतात म्हणूनच इशारा ऐकू येतो.

निर्णयही एकाचाच असतो, कॅप्टनचा. फक्त एक-दोन ठरावीक शब्द असे असतात की ते कुणीही उच्चारले तरी आधी कृती, मग चर्चा. ‘गो अराउंड’ हा तसा शब्द. मंगळूर आणि कोझिकोडला तो तसा वापरला गेला नाही, हीच शोकांतिका आहे.

शिवाय कधी कधी पायऱ्या चढायला वेळच नसतो. १ जानेवारी १९७८ ला सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ विमान वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. अंधारी रात्र, खाली काळं पाणी, क्षितिज नाही. कॅप्टनसमोरचं क्षितिज दाखवणारं उपकरण बिघडून विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं, म्हणून त्याने सरळ चाललेलं विमान डावीकडे कलवत नेलं. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधलं, पण उशीर झाला होता. उड्डाणापासून १०१ सेकंदांत सगळं संपलं, २१३ माणसं गेली. अशा वेळी एकच शब्द हाताशी हवा, आणि त्याचा अर्थ आधीच ठरलेला हवा.

---

अबोली (रविवार, रात्री ९.२५)

मी तेवीस वर्षं ओटी सिस्टर आहे, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे. आत्ता ड्यूटी संपवून आले.

आम्ही प्रश्न का विचारतो ते सांगते. प्रश्न विचारला की माघार घेता येते. ‘सर, स्पंज (रक्त टिपायचे कापडाचे तुकडे) मोजू का परत?’ असं विचारलं आणि सर ओरडले, तर ‘नाही नाही, सहज विचारलं’ म्हणता येतं. ‘सर, एक स्पंज कमी आहे’ म्हटल्यावर माघार नाही. माझ्या पहिल्या वर्षी एका सरांनी आर्टरी फोर्सेप्स जमिनीवर आपटला होता, मी मोजणी परत मागितली म्हणून. मोजणी बरोबर निघाली, स्पंज ट्रेखाली होता. पुढचे सहा महिने मी त्यांच्या केसला फक्त ‘का हो सर’ एवढंच बोलले.

शस्त्रक्रियेआधीची जागतिक आरोग्य संघटनेची यादी २००८ पासून आहे. छेद घेण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असं त्यात लिहिलंय. मी काम केलंय तिथे तो कागद बहुतेक वेळा केस संपल्यावर मी एकटीने भरलाय. मामांचं नाव तर कुणी विचारलेलंच आठवत नाही. ज्याचं नाव माहीत नाही त्याचं ऐकणार कसं?

आता शब्दांचं. मुलींना शिकवताना मी एक बघितलंय. ‘सरांना हुकूम कसा करायचा’ याच विचाराने त्या अडतात. मी म्हणते, अगं, ‘थांबा’ म्हण. ‘थांब’ नाही, ‘थांबा’. त्यात मान आपोआप आहे. ‘काढा’, ‘बघा’, ‘थांबा’. पुढे ‘जरा’ नको, मागे ‘का हो’ नको. आवाज चढवायचा नाही, सरांकडे बघून म्हणायचं. धुकं मॅडम, तुमच्या सिस्टर तुम्हाला ‘नळी काढा’ म्हणाल्या त्यात कुठे उद्धटपणा होता?

---

धुकं (रविवार, रात्री १०.५०)

काहीच नव्हता. मला तर त्या क्षणी हायसं वाटलं होतं, आत्ता तुम्ही विचारल्यावर कळतंय.

सह्यकडा सर, राग नाही. तुमच्या हातात रक्तवाहिनी असताना टेबलाच्या या टोकाला मीच असते, मीही बोलताना दहादा विचार करते. म्हणूनच एकच शब्द ठरवू या असं म्हणतेय. खोट्या अलार्मचा मुद्दा मात्र मला आतून माहीत आहे. मी त्या रात्री कॅप्नोग्राफवर विश्वास ठेवला नाही, कारण तो आधी खोटं बोलला होता. त्यावर उपाय तो दुरुस्त करण्याचा होता, आणि ते मी आधीच्या दोन्ही वेळी मागे लागून करून घेतलं नव्हतं. चक्रधर, तुमच्या कर्टनचंही तेच.

---

सह्यकडा (सोमवार, सकाळी ६.४५)

अबोली सिस्टर, फोर्सेप्स आपटणाऱ्यांत मीही बसलो असतो, एका काळी. यादी छेदाआधी वाचायला माझी हरकत नाही. मिनिटभराचा प्रश्न आहे. खोट्या ‘थांबा’वर न चिडण्याची खात्री मात्र आज देऊ शकत नाही. प्रयत्न करेन.

---

धुकं (तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ११.०५)

धागा वर काढतेय.

दोन नर्सिंग होममध्ये सुरुवात केली. भुलीआधी मी सगळ्यांची नावं विचारते, मामांपासून. मग सांगते, ‘कुणीही थांबा म्हटलं की माझा हात आधी थांबेल, का म्हणालात ते मग विचारेन.’ पहिल्या दिवशी सगळे एकमेकांकडे बघत होते. तिथले सर्जन म्हणाले, ‘मलाही लागू का?’ मी हो म्हणाले. ते गप्प राहिले, नाही म्हणाले नाहीत.

परवा मामा म्हणाले, “थांबा.” मी औषध भरलेली सिरिंज खाली ठेवली. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा शून्यावर आहे असं त्यांना दिसलं होतं. तो राखीव सिलिंडर होता, बंदच ठेवलेला. चालू सिलिंडर भरलेला होता. वीस सेकंद गेली असतील. मामांचा चेहरा पडला. मला शिट्टीकाकांचे साहेब आठवले. मी मामांना म्हणाले, “बरं केलंत. पुन्हा असं वाटलं तर पुन्हा म्हणा.” मग राखीव सिलिंडर उघडून पाहिला. त्यातही जेमतेम पाव भाग शिल्लक होता, तो बदलून घेतला.

उद्या तिसऱ्या ठिकाणी नवे सर्जन येताहेत, मी त्यांना कधी भेटलेले नाही. पेशंट टेबलावर घेण्याआधी त्यांना हे सांगायचंय.

---

शिट्टी (शुक्रवार, रात्री ११.३०)

केस आटपली की ते काय म्हणाले ते लिहा. वाट बघतो.